घळीतला उजेड

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. दारू प्यायल्यावरही सांगितलेलं नाही — आणि प्यायल्यावर मी काय काय बरळतो ते अख्ख्या मळवलीला ठाऊक आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. मध्येच अडखळलो तर थोडं थांबा.

आधी माझा स्वभाव सांगतो. मी तक्रारखोर माणूस. स्टेशनाजवळ माझी चहा-वड्याची टपरी आहे. पावाच्या लादीत एक पाव कच्चा निघाला तरी मी फोन लावलाच म्हणून समजा! शनिवार-रविवारी पुण्याची पोरं घेऊन विसापूरचा गड चढतो, त्यासाठी डोक्याला बांधायची एक भारी बॅटरी घेतली होती. तिचं बटण अडकायला लागलं, म्हणून वॉरंटीत कंपनीकडे पाठवली. परत काय आलं? झाकणाभोवती बदाबदा ओतलेला पिवळा गोंद, दोन स्क्रू एका जातीचे नि तिसरा भलताच, पट्टा उलटा शिवलेला. माझं टाळकंच सटकलं. फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकले, कंपनीच्या बाईला फोनवर असं झापलं की गिऱ्हाइकं चहा प्यायची थांबली. ही तक्रार खरी होती बरं का. बॅटरी दिसायला भिकार होती — पण लागत होती. बटण दाबलं की लख्ख लागायची.

किसन मला रोज दूध घालायचा. गडाखालच्या वाडीत राहायचा, चार म्हशी होत्या. श्रावण सरता सरता एका संध्याकाळी म्हशी घरी आल्या नि तो आला नाही. त्याची बायको पारू धावत टपरीवर आली. आम्ही पाच-सहाजण निघालो, वाटा वाटून घेतल्या. गडामागची घळ माझ्याकडे आली, कारण बाकीच्यांच्या हातात नुसते मोबाईल, मोठी बॅटरी माझ्याचकडे.

धुकं असं उतरलं होतं की विचारू नका. उजेड पुढे जाईचना, तोंडासमोरच पांढरा होऊन थांबायचा. घळीच्या काठाशी पोचलो. खाली पाणी वाहत होतं, ते दिसत नव्हतं. आणि खालून हाक आली. कोन हाय वर?

आमच्याकडे रानात हाक आली तर लगेच ओ देत नाहीत. चकवा असतो — माणसाची वाट चुकवून त्याला रानोमाळ फिरवत ठेवणारा. तो दोनदाच हाक मारतो म्हणतात. तिसरी हाक आली तर माणूस समजायचं, मग ओ द्यायची. हे आम्ही लहानपणापासून ऐकतो आणि दिवसा त्यावर हसतो.

मी गप्प राहिलो. दुसरी हाक आली. लाईट दिसतीया, हिकडं दावा! आवाज खालून यायला हवा — पण तो डावीकडूनही येत होता, मागच्या कड्यावरूनही, माझ्या कानापाशीसुद्धा. सर्रकन काटा आला अंगावर. त्याला उजेड दिसतोय म्हणजे मी दिसतोय. जे काही खाली आहे, त्याला मी दिसतोय! मी बटण दाबलं. बॅटरी बंद केली. मी — माझ्याच बोटानं.

आणि खोटं कशाला बोलू? चकव्याची भीती ही अर्धीच गोष्ट. आवाज मी पहिल्याच हाकेला ओळखला होता. रोज सकाळी दारात 'शेठ, दूध' म्हणणारा आवाज मला कळणार नाही?

उजेड गेला तसं खाली एकदम शांत झालं. मग तिसरी हाक आली. तिच्यात शब्द नव्हते. एवढा मोठा बाप्या लहान पोरासारखा रडत होता. आता समजायला काही उरलं होतं का? मग का नाही उतरलो? निसरडं होतं — हो, होतं. एकटा होतो — होतो. बरं, नसेल उतरायचं तर ओ तरी द्यायची! ओ द्यायला काय लागतं हो? मी पाठ फिरवली. अंधारात रांगत, ढोपरं फोडून घेत वाडीपर्यंत खाली आलो, पण बटण पुन्हा दाबलं नाही. त्याला दिसेल म्हणून.

खाली सांगितलं, की बॅटरी पायथ्यालाच गेली. चाचपडत काठापर्यंत गेलो, पुष्कळ हाका मारल्या, तिकडे कोणी नाही. फोटो सगळ्यांनी पाहिलेले. सगळ्यांनी कंपनीला शिव्या घातल्या आणि दुसरीकडे शोधायला गेले. मीही शिव्या घातल्या. सगळ्यांत मोठ्यानं मीच घातल्या.

किसन सकाळी सापडला, घळीत, जिवंत. मांडीपर्यंत पाण्यात, एक पाय दगडात अडकलेला. तो पाय गुडघ्याखालून काढावा लागला. थोडं आधी आणलं असतं तर, एवढंच डॉक्टर म्हणाले.

आणि मी काय करावं? मी तक्रार केली! त्याच बाईला पुन्हा फोन. तुमच्या दुरुस्तीपायी एक माणूस मेला असता, पाय गेला त्याचा, लाज वाटते का? ती बिचारी रडायला आली. तिनं काय केलं होतं? तपासायला बॅटरी पाठवा म्हणाली, मी म्हटलं दरीत भिरकावली. शेवटी कंपनीनं चूक कबूल केली, माफी मागितली, कोरी बॅटरी पाठवली. टपरीवर लोकांनी माझी पाठ थोपटली. जुनी माळ्यावर आहे. परवा काढून बघितली. लागते.

पण मला जे सांगायचंय ते अजून पुढेच आहे.

किसन आता कुबडी घेऊन टपरीवर बसतो. गडावर जाणारी पोरं विचारतात, मामा पाय कशानं गेला? तो सांगतो. वर पांढरा उजेड आला, मी हाक मारली, तर गपकन विझला. चकवा होता. मी तिथेच वडे तळत असतो. एकदा एका पोरानं म्हटलं, मामा, शोधायला आलेला माणूस असेल. किसन हसला. म्हणाला, "शेठची बॅटरी तर खालीच ग्येली हुती, कंपनीनं कबूल केलंय. आन मानूस असता तर ओ न्हाई का दिली त्यानं?"

सगळ्या वाडीनं ते मानलंय. संध्याकाळनंतर त्या अंगाला कोणी गुरं नेत नाही. आमच्या त्या घळीत आता काहीतरी राहतं, असं बायाबापड्या बोलतात. आणि काय सांगू — मलाही तिकडे जाताना भीती वाटते. कसली वाटते? तिथे कोणी नव्हतं हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

दर अमावास्येला पारू त्या काठावर दहीभाताचा उतारा ठेवते. किसनला चढवत नाही, म्हणून पहिल्याच खेपेला ती माझ्याकडे आली. "भाऊ, मला एकटीला लय भ्या वाटतं, तुमी चला संगं." मी नाही कसं म्हणू? तेव्हापासून जातो. ती पत्रावळ ठेवते, हळद-कुंकू वाहते, हात जोडते. घळीकडे तोंड करून म्हणते, बाबा, तुजं तू घे, तितंच ऱ्हा, आमच्या घराकडं येऊ नगंस. मी तिच्या पाठीशी पिशवी धरून उभा असतो.

उतारा ठेवला की मागे वळून बघायचं नसतं. पारू बघत नाही. ती खाली मान घालून भरभर चालायला लागते, आणि मी तिच्या मागून चालत तिच्या दारापर्यंत येतो.