देवदाराला नकार

सरड्यापायी सख्ख्या भावाशी भांडणारी बाई इंदूरात मी एकटीच असेन. असेन तर असेन. भांडले आणि जिंकले!

सरडा म्हणजे कुंपणावरचा नव्हे. हातभर लांब, दाढीवाला, परदेशी जातीचा, सरकारी नोंदणी करून रीतसर पाळलेला. काचेची टाकी त्याला पुरेना, तेव्हा थोरला भाऊ म्हणाला, "पेटी माझ्याकडून!" आणि दादानं चक्क देवदाराची पेटी करवून आणली. आमच्या घरात देवदाराचं भारी कौतुक. देव्हारा देवदाराचा, शालूंचं कपाट देवदाराचं, आणि कपाट उघडल्यावर घमघमाट सुटला की आई म्हणणार, "लाकूड अस्सल हो!" दादानंही पेटीत नाक खुपसून डोळे मिटले. "सूंघ जरा. अरे यार, ह्याला म्हणतात लकडी!"

मीही खूश झाले. सरडा आत गेला, वर उन्हासारखा तापणारा दिवा लागला, आणि थोड्याच दिवसांत त्यानं खाणं सोडलं. सकाळी दिवा लावायच्या आधीच तोंड वासून बसलेला, नाकाशी बुडबुडे, डोळे मिटलेले. तशीच त्याला टोपलीत घालून दवाखाना गाठला. जनावरांच्या डॉक्टरांनी पेटीचा फोटो बघितला आणि कपाळाला हात लावला. देवदार काय, पाइन काय, तापलं की त्यांच्यातलं तेल हवेत उतरतं. आपल्याला सुवास, ह्याच्या फुप्फुसांना जाच. औषध देईन, पण आधी पेटी बदला, म्हणाले.

त्याच दिवशी त्याला परत टाकीत हलवलं आणि दादाला फोन केला. तो उखडलाच. "देवाचं लाकूड बाधतं? तुझा सरडा नवाब आहे का?"

"नवाब असो नाहीतर भिकारी, श्वास तर घेऊ दे त्याला!" मी फोन आपटला.

मग मीच कामाला लागले. राजवाड्यामागच्या दुकानात कमी उग्र वासाच्या गोंदाचं चांगलं प्लायवूड घेतलं. दुकानदार मेलामाइन पॉलिशचा डबा पुढे करत म्हणाला, "मॅडमजी, ये लगाओ, शीशे जैसा चमकेगा." मी म्हटलं, "भिया, मला चमकवायचं नाहीये, जगवायचंय." थिनरवालं काही नको, वाळवीचं औषध तर मुळीच नको. पाण्यात कालवायचं पॉलियुरेथेनचं वॉर्निश घेतलं, आणि सांध्यांना माशांच्या टाकीला लावतात तो सिलिकॉन. गच्चीवर बसून हात दिला, वाळू दिला, घासलं, पुन्हा हात दिला. कंबरेचा पार भुगा झाला, पण प्लायची एक कड उघडी सोडली नाही.

इकडे आईनं अक्षयतृतीयेचा मुहूर्त काढला. सरड्याचा गृहप्रवेश! दादाचा रुसवा निघावा म्हणून त्यालाही बोलावलं. पोहे-जलेबी आली, पेटीला हार घातला. मी पेटीची काचेची दारं लावून आतला दिवा सकाळपासून तापत ठेवला होता. काच सरकवली, नाक आत घातलं. बारीकसा, पण वॉर्निशचा वास होता.

"आज नाही," मी म्हटलं.

"अगं, मुहूर्त टळतोय!" आई म्हणाली.

"मला तर काही वास नाही येत," दादा म्हणाला. "उगाच नखरे."

"टळू दे मुहूर्त. वास जाईल तोच मुहूर्त."

दादा जलेबी अर्धी टाकून उठला आणि तडक निघून गेला. मला रडू आलं, पण सरडा काही मी आत ठेवला नाही.

मग रोज तेच: दिवा तापवायचा, दारं लावायची, नाक घालायचं. एके दिवशी काच सरकवली तर नुसती गरम हवा. कसलाच वास नाही! मी आनंदानं ओरडलेच. डॉक्टरांच्या औषधानं सरडाही सावरला होता. आत सोडला तसा सरसर चढून दिव्याखाली पसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिलं तर तोंड मिटलेलं, नाक कोरडं, डोळे टक्क उघडे. वाटीतल्या किड्यांचा तर त्यानं चट्टामट्टा केला.

आईनं गुपचूप दादाला कळवलं असावं. संध्याकाळी तो हजर. मी त्याच्या हातावर मेथीची पानं ठेवली. सरड्यानं एक पान खाल्लं, मग दुसरं, मग तळहात चाटून पुसून साफ. दादा बराच वेळ हात तसाच धरून बसला.

"मी मारला असता गं ह्याला," तो म्हणाला.

"कसा मारला असतास? मी होते ना!"