पहिलं नाव कोण लिहिणार?

एल्वी सांडक्विस्तने चौतीस वर्षं लिंडहागात टपाल वाटलं. स्वीडनमधल्या बोरोस शहराच्या टोकाला असलेली ही वस्ती म्हणजे पिवळ्या विटांच्या तीन मजली इमारती, अठरा जिने, दोनशे सोळा दारं आणि लिफ्ट एकही नाही. इथे बघण्यासारखं काय आहे असं कुणी विचारलं, तर वस्तीतलेच लोक सांगतील, काही नाही. हे ऐकलं की एल्वीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

प्रत्येक जिन्यात आधी थेट वर जायचं आणि दाराच्या फटींतून पत्रं सरकवत खाली यायचं, हा तिचा शिरस्ता. त्या फटींतून तिला अख्खी वस्ती कळायची. कुठे मासे तळले जात आहेत, कुठला कुत्रा नुसताच भुंकतो, कुणाकडे पियानो शिकवायला बाई येते, सगळं. पुढे कधीतरी प्रत्येक जिन्यात तळमजल्यावर पत्रपेट्या बसवल्या. आता गुडघ्यांना आराम मिळेल म्हणून लोक तिचं अभिनंदन करत होते आणि ही बया ढसाढसा रडत होती. पत्रं पोचवणं हे काम खरं, पण तिला दारांची सवय लागली होती.

आता ती शहात्तर वर्षांची आहे. पाच नंबरच्या जिन्यात मधल्या मजल्यावर एकटी राहते. आणि गेल्या दीड वर्षापासून तिला नीट दिसत नाही. बघावं त्याच्या कडा दिसतात, मधोमध नुसता करडा धूर. जिना तिला पाठ होता, रस्ता पाठ होता, त्यामुळे कुणाला कळलं नाही, आणि तिने कळू दिलं नाही.

कळलं ते मुलाला, ईस्टरच्या सुटीत. स्टेलान दूर उत्तरेला सुन्स्वालमध्ये नगरपालिकेत नोकरीला आहे. सरळ माणूस, पण कागदावर असेल तेवढंच खरं मानणारा. कात्री शोधायला त्याने ड्रॉवर उघडला आणि आत तीन महिन्यांची पत्रं न फोडता रचून ठेवलेली. दुसऱ्याचं पत्र चौतीस वर्षांत एक दिवस उशिरा न पोचवलेल्या बाईची ही स्वतःची पत्रं. त्यातली चार तर डोळ्यांच्या दवाखान्याचीच होती.

स्टेलान ओरडला नाही. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

"आई, माझ्या घराजवळ वयस्कर माणसांसाठी चांगली घरं आहेत. जेवण मिळतं, हाकेला माणूस असतं. एक रिकामं होतंय."

"आणि तिथली दारं? मला तिथलं एक तरी दार माहीत आहे का?"

"इथली माहीत आहेत त्याचा काय उपयोग? जिन्यात कुणाची चाहूल लागली की इथले लोक आधी दाराच्या भिंगातून बघतात आणि जिना मोकळा झाला की मगच बाहेर पडतात. तूसुद्धा तेच करतेस."

"ती रीत आहे आपली. उगाच कुणाला बोलण्यात कशाला अडकवायचं?"

"मग उद्या तुला गरज लागली तर कोण येईल? एक नाव सांग."

एल्वीला एकही नाव सांगता आलं नाही. दोनशे सोळा दारं तिला ठाऊक होती, आणि तिच्या दाराशी येईल असं माणूस काही आठवेना. तिने टेबलावरच्या मेणकापडाचे कोपरे सरळ केले. मग म्हणाली, "मी वस्ती दाखवणार. एक फेरी काढणार. दोन आठवड्यांनी, रविवारी दुपारी दोनला, सायकलींच्या मांडवापाशी जमायचं. दहा माणसं आली तर मी इथेच राहणार. नाही आली तर तू सामान बांध."

"कोण येईल, आई? ज्या वस्तीत लोक राहतात तीच वस्ती बघायला?"

"दहा," एल्वी म्हणाली.

स्टेलानने रीतसर नोटीस टाइप केली. खाली सुबक रेघा मारल्या, वर लिहिलं, 'येणाऱ्यांनी नाव लिहावं', आणि सुतळीला बांधलेलं पेन लटकवलं. बाकीच्या जिन्यांत नुसती नोटीस लागली, नावांचा कागद पाच नंबरच्या जिन्यात खाली लागला आणि तो उत्तरेला परत गेला.

पहिल्या आठवड्यात नाव नाही. दुसऱ्या आठवड्यातही नाही. एल्वी रोज खाली जाऊन कागदावरून हळूच बोट फिरवायची. पेन दाबून लिहिलेलं बोटाला कळतं. कागद गुळगुळीतच. लिंडहागात रिकाम्या यादीवर पहिलं नाव लिहिणं म्हणजे आगाऊपणा, दुसरं लिहायला मात्र कुणाची ना नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण भीती बसली की माणसाला आपलीच माणसं परकी वाटू लागतात. शनिवारी तिने पन्नास दालचिनीचे बन भाजले, आणि संध्याकाळी कपाटातली बॅगही खाली काढून ठेवली.

रविवारी पाऊस. बोरोसमध्ये त्याला कुणी पाऊस म्हणत नाही, हवा म्हणतात. स्टेलान सकाळीच आला होता, गाडीत मोकळी खोकी घेऊन. दोन थर्मास, बनांची टोपली आणि आई, असं सगळं त्याने मांडवापाशी आणून उभं केलं. आवारात चिटपाखरू नव्हतं.

"दोनला दोन मिनिटं आहेत, आई. यादीत कुणी नाही आणि इथेही कुणी नाही."

"दोन वाजू देत."

"दोनला एक."

"स्टेलान, तोंड मिट."

लांबच्या चर्चने दोनचे टोले दिले आणि एकदम दारं वाजू लागली. चार नंबरच्या जिन्यातून सहा जणं, अकरामधून तीन. कचऱ्याच्या खोलीत मघापासून बाटल्यांचा आवाज चालला होता, तिथून नवराबायको बाहेर आले, हातात एकही बाटली नव्हती. बंद करून ठेवलेल्या गाडीतून चौघे उतरले, बाकीचे इतर जिन्यांतून आले. वेळेआधी कुणाच्या पुढ्यात जाऊन उभं राहायचं नाही म्हणून ही सगळी मंडळी केव्हाची आडोशाला घड्याळ बघत थांबली होती. स्टेलानने मोजलं. एकतीस.

"वीस मिनिटं जिन्यात उभी आहे मी!" अझ्रा म्हणाली. ही आठ नंबरमधली, युद्धाच्या वर्षी बोस्नियातून आलेली, वस्तीत मोठ्याने बोलणारं एकमेव माणूस. "आधीच बाहेर पडणार होते, पण या तोर्केलने डोळे वटारले."

"दोन वाजले नव्हते," तोर्केल म्हणाला. तोर्केल आह्लमान म्हणजे या इमारतींची चाळीस वर्षं डागडुजी केलेला माणूस. निवृत्त झाला तरी ब्रश काही सुटला नव्हता. एल्वीशी त्याचं आजवरचं बोलणं म्हणजे एक मान हलवणं.

"आणि नाव का नाही लिहिलंत कुणी?" स्टेलानने विचारलं.

एकतीस जणांनी जमिनीकडे पाहिलं. "कुणीच लिहिलं नव्हतं ना," कुणीतरी पुटपुटलं.

एल्वी निघाली. पत्रांत काय असायचं ते मी सांगणार नाही, टपालाची शपथ आहे, असं तिने आधीच बजावलं. पण दारांचं सांगितलं. पहाटेच्या गाडीची वाट बघत ज्या पायरीवर सगळी गिरणी कामगार मंडळी बसायची ती मधोमध झिजलेली पायरी. ज्या खिडकीत एक बाई अकरा वर्षं रोज दिवा लावायची, नवरा बोटीवर होता म्हणून, ती खिडकी. पिढ्यान् पिढ्या मुलांनी खिळ्यांनी कोरलेली वीट. रोज तिथून जाणारी माणसं माना वर करून बघू लागली. त्या करड्या वस्तीत त्या बाईने काय काय साठवून ठेवलं होतं! ऐकणाऱ्याला आपलीच लाज वाटावी.

आठ नंबरपाशी एल्वी नुसती थांबली आणि पुढे निघाली.

"थांब," अझ्रा म्हणाली. "तुझी शपथ आहे, माझी नाही. त्र्याण्णव साल. माझ्या भावाचा सात महिने पत्ता नव्हता. एक दिवस त्याच्या अक्षरातलं पाकीट आलं. हिने ते फटीतून टाकलं नाही. बेल वाजवली. माझ्या हातात दिलं आणि मी फोडेपर्यंत तिथेच उभी राहिली, मला काही झालं तर धरायला. इथे कुणी कुणाची बेल वाजवत नाही, बाबांनो. मला आल्यावर आठवड्यातच कळलं होतं ते."

"मग तू मला कॉफी पाजलीस," एल्वी म्हणाली, "आणि सात नंबरचं टपाल उशिरा गेलं. एकदाच."

लोक हसले. एल्वीही हसली आणि त्या भरात, पावलं मोजत, नऊ नंबरच्या तळघरातल्या, सगळ्या वस्तीच्या कपडे धुण्याच्या खोलीशी आली. दाराला हात लावून म्हणाली, "आणि हे हिरवं दार. उणे बावीस थंडीत मी इथे शिरायचे, कपडे वाळवायच्या गरम कपाटात हातमोजे टांगून दहा मिनिटं उभी राहायचे. हे हिरवं दार दिसलं की वाटायचं, आता आजचा दिवस निभतो."

दार लाल होतं. गेल्या ऑक्टोबरपासून लाल होतं, लांबूनही डोळ्यात भरेल असं लाल.

अझ्राने तोंडावर हात ठेवला. स्टेलान आईकडे एक पाऊल सरकला. आता कुणीतरी म्हणेल, आणि आई इथे सगळ्यांदेखत उघडी पडेल. एल्वीला काहीच कळलं नाही, कारण ही माणसं तशीही गप्पच असतात.

"हिरवंच आहे," तोर्केल म्हणाला. "चांगला रंग आहे. टिकलाय."

ऑक्टोबरमध्ये ते दार त्यानेच रंगाचे दोन हात देऊन लाल केलं होतं.

फेरी संपली, बन संपले. घरी आल्यावर एल्वीने कोट न काढताच विचारलं, "किती होते?"

"एकतीस."

"मग?"

स्टेलानने खोटं बोलायचं ठरवलं असतं तरी त्याला ते जमलं नसतं. "आई, एका रविवारी चालायला येणं वेगळं. नोव्हेंबरच्या अंधारात तुझी पत्रं वाचून दाखवायला यातलं कोण येणार आहे?"

पैज तिने जिंकली होती, पण नोव्हेंबरचा अंधार तिलाही ठाऊक होता. बॅग दाराशी होतीच. निदान महिनाभर राहून बघ, तो म्हणाला, आणि ती थकलेल्या आवाजात बरं म्हणाली.

सोमवारी सकाळी तो बॅग घेऊन पुढे आणि ती कठड्याला धरून मागे, असे दोघं खाली उतरले. खालच्या दाराशी स्टेलान थांबला.

"काय झालं?"

"यादी," तो म्हणाला. "माझीच यादी आहे. कुणीतरी पट्टीने उभ्या रेघा मारल्यात. धुण्याच्या खोलीच्या पाळ्यांसारखे वार पाडलेत."

"वाच."

"सोमवार, दहा ते साडेदहा. पत्रवाचन. तोर्केल आह्लमान." त्याचं बोट खालच्या ओळीवर आलं. "मंगळवार, अझ्रा. वेळ लिहिलेली नाही, 'केव्हाही, जेवण घेऊन' असं लिहिलंय. बुधवारी अकरा नंबरची दोघं, दुकानातलं सामान. गुरुवारी दोन नावं आहेत, शुक्रवारी तीन. शनिवारी दवाखाना असेल तर गाडी."

"पण त्यांना कसं कळलं?"

स्टेलानने बॅग खाली ठेवली. "आई, ते दार लाल आहे. ऑक्टोबरपासून. तोर्केलनेच रंगवलंय."

एल्वी कागदाशी गेली, बोट वरून खाली नेलं आणि पहिल्या नावावर आणून थांबवलं. तोर्केलने पेन चांगलं दाबून लिहिलं होतं.

"पहिलं याचं," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. "रविवारी कोण आहे?"

"रविवार मोकळा आहे." स्टेलानने सुतळीचं पेन उचललं, रविवारच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, पुढे 'फोन' असं लिहिलं आणि वेळ टाकली.

"आज सोमवार ना?" एल्वीने विचारलं. "वाजले किती?"

"दहाला पाच कमी."

"मग बॅग वर ने आणि कॉफी टाक, पटकन."

स्टेलानने बॅग उचलली. वर जाताना जिन्याच्या खिडकीतून त्याने बाहेर पाहिलं. समोर बर्चच्या झाडाखाली, भुरभुर पावसात, तोर्केल नाकावर चष्मा चढवून घड्याळाकडे बघत उभा होता.