बांधावरची निरगुडी

वसुधाताई गेल्याचा फोन जगनने केला, हेच मला आधी खटकलं. जगन म्हणजे सापगावातला तिचा चुलतभाऊ, शेताला शेत लागून असलेला. "ताई गेली गो," तो म्हणाला आणि लगेच, "शेताचा काय तां मागाहून बघू." शेताचं मी काही विचारलंच नव्हतं...

वसुधाताई माझी मावसबहीण, मेंदूचा अभ्यास करणारी मानसशास्त्रज्ञ. मुंबईच्या एका इस्पितळात म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासण्यात तिची हयात गेली. निवृत्त होऊन ती सापगावला परतली आणि ओटीवरच पेशंट बघू लागली. मुरबाड, वैशाखऱ्यापासून लोक येत. एकदा एक सून सासूला घेऊन आली. "सासू बोलते, मी तिच्या कोंबड्या इकते. जरा डोका तपासा हिचा." ताईने सुनेलाच विचारलं, "कोंबड्या मोजल्यात का?" सून इकडेतिकडे बघू लागली, सासू मात्र खुदकन हसली. आधी तक्रार तपासायची, मग मेंदू, हा ताईचा शिरस्ता.

पुढे तिचंच विसरणं सुरू झालं. तिने ते स्वतः ओळखलं आणि मुंबईला जाऊन निदानही करून घेतलं. मी वारांप्रमाणे गोळ्यांचे डबे लावले, कपाटांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. चष्मा चोरीला गेला म्हणायची, तो उशीखाली सापडायचा. त्यामुळे "जगन बांध कोरतोय" असं ती म्हणाली, तेव्हा घरच्यांनी तेही चष्म्याच्याच खात्यात टाकलं. नांगरताना शेजाऱ्याकडे बांध थोडाथोडा सरकवायचा, ही आमच्याकडची जुनी खोड. पण जगन मोठ्याने हसला. "डोक्याची डाक्टरीन, आन् तिचाच डोका फिरला!"

ताई चिडली नाही. "मंगल, माझ्या मेंदूची साक्ष मी धरणार नाही. तूही धरू नकोस," म्हणाली. पावसाच्या तोंडावर तिने माझ्याकडून बांधाच्या मधोमध निरगुडीच्या फांद्या खोचून घेतल्या. "मी विसरेन. निरगुडी जागची हलणार नाही."

पुढच्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. शेवटच्या भेटीत तिने मला ओळखलं नाही. पण हात घट्ट धरून विचारलं, "बाई, निरगुडी कुठे आहे?" "बांधावर," मी म्हटलं. तिने माझा हात सोडून दिला. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

तिचं महिन्याचं श्राद्ध उरकलं आणि मी मोजायची टेप घेऊन शेतावर गेले. जगन मागोमाग आलाच. "कशाला चिखलात येते गो?" बांध नीट लिंपलेला, मोकळा. एकही फांदी नाही. "गुरांनी खाल्ली असंल," तो म्हणाला. निरगुडीला गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून तर ती कुंपणाला लावतात. हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

टेप पिशवीतून काढावीच लागली नाही. बांधाच्या पलीकडे, हातभर आत, जगनच्या भातात छाटलेल्या खुंटांची ओळ होती. प्रत्येकाला कोवळी पालवी फुटलेली.

ताई, निरगुडी जागेवरच आहे. बांध हलला.