दोन खिडक्यांची एक वही

दवाखान्यात सगळे तिला खिडकीवाल्या बाई म्हणत. केसपेपरच्या खिडकीत वीस वर्षं काढून, चाळिशी उलटल्यावर ती कॉम्प्युटर शिकली आणि घरबसल्या नंबर लावायची वेबसाइट तिने एकटीने उभी केली. पण महिनाभर त्याच वेबसाइटने तिच्या नाकी नऊ आणले होते. अर्धा फॉर्म भरून होतो न होतो तोच माणूस पुन्हा पहिल्या पानावर: लॉगिन करा. मोठ्या डॉक्टरांनी शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. नाहीतर वेबसाइट बंद, लोक पुन्हा रांगेत आणि बाई पुन्हा खिडकीत.

गंमत म्हणजे ती स्वतः तपासायची तेव्हा सगळं सुरळीत चालायचं. ती तपासायची सकाळी सातला, गर्दीच्या आधी.

शेवटी वडिलांनीच फोनवर तिला फैलावर घेतलं. गुडघे धरलेले, जन्मभर शिंपीकाम केलेले गृहस्थ. "अगं, अकरा वाजल्यापासून चारदा नाव सांगितलं! तुझं यंत्र मला ओळखतच नाही. एकदा माप घेतलं की मी गिऱ्हाइकाला पुन्हा हात वर करायला लावत नसे."

अकरा वाजता! गर्दी वाढली की वेबसाइट चालवणाऱ्या सर्व्हरच्या मदतीला दुसरा सर्व्हर सुरू व्हायचा, फॉर्मचं पुढचं पान कधी त्याच्याकडे जायचं, आणि पहिल्याकडे लॉगिन केलेला माणूस याच्या गावीही नसायचा. पूर्वी खिडक्याही अशाच दोन होत्या. दोघींच्या वह्या वेगळ्या, पेशंट बिचारा दोन्हीकडे तोच पाढा वाचायचा. तेव्हा हिनेच भांडून दोघींच्या मध्ये एक वही ठेवली होती. आणि हीच बाई ते विसरली! तिला स्वतःचा भयंकर राग आला.

कोण आत आलंय, कुठवर पोचलंय, ही नोंद तिने दोन्ही सर्व्हरकडून काढून घेतली आणि दोघांनाही वाचता येईल अशा एकाच डेटाबेसमध्ये ठेवली. दोन दिवस त्यात गेले.

शुक्रवारी अकरा वाजता मोठे डॉक्टर शेजारी उभे होते. वडील घरून फॉर्म भरत होते, फोन स्पीकरवर होता. ते निम्म्यावर आले तसा, ज्या सर्व्हरवर ते होते तोच तिने बंद करून टाकला.

"बाई, अहो काय करताय!" डॉक्टर ओरडले.

ती फोनकडे वाकली. "बाबा, काय दिसतंय?"

"दुखणं किती दिवसांचं, असं विचारतंय."

"नाव नाही विचारलं?"

"नाव कशाला विचारेल? वर लिहिलंय की!" मग त्यांचा आवाज मऊ झाला. "ओळखलं बरं का गं मला."

त्या क्षणी आणखी चाळीस जण फॉर्म भरत होते. एकालाही काही कळलं नाही. ती खुर्चीत मागे रेलली आणि डॉक्टरांच्या देखत खदखदून हसली.