काळी बोलते काय?

असले भुताखेताचे अनुभव वाचून मी आजवर हसत आले. सक्करदऱ्याला राहते, शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. आवाज म्हणजे कंपन — विषय संपला!

माझी लेक गार्गी चौदा वर्षांची, गाणं शिकते. तिचा सूर काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. तिच्यासाठी मागच्या हिवाळ्यात धरमपेठेतल्या जुन्या फर्निचरच्या दुकानातून पियानो घेतला. विचित्रच प्रकरण होतं... कंपनीचं नाव कुठेच नाही, आणि नेमकी एक काळी चार मुकी. झाकण उघडलं तर त्या पट्टीच्या, तारेवर आपटणाऱ्या हातोडीला लुगड्याचा काठ करकचून बांधलेला. मी तो कात्रीने कापला. पट्टी बोलली, पण घशातून आल्यासारखी. म्हटलं, तार जुनी असेल.

दोन-तीन दिवसांत गार्गीचा घसा बसला. अजून खा आइस्क्रीम, म्हणून मीच तिला झापलं.

पियानो मूळचा कुठला, हे शोधायची मात्र मला भारी हौस. दुकानदाराने कुही गावातला पत्ता दिला. रविवारी सकाळी स्कूटीवर गेले. ओसरीत एक म्हातारे आजोबा बसले होते. ते दवाखान्यात असताना पुतण्याने पियानो परस्पर विकून टाकला होता. माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "काळी बोलते काय, बाई?"

मी खुशीत सांगितलं, बोलते की! काठ कापल्यापासून मस्त बोलते.

आजोबांनी मान हलवली. "पट्टीचं नाही इचारून राहिलो वं. काळी माही बहीण होय."

मग हळूहळू सांगितलं... त्यांच्या वडिलांनी हा पियानो कोण्या साहेबाच्या बंगल्यातून आणला, तेव्हाही आत चिंधी बांधलेली होती. वडिलांनी ती सोडली. आठ दिवसांत काळीची वाचा गेली, ती कायमची. आणि त्या पट्टीतून तिचा गळा ऐकू यायला लागला. आईला ते ऐकवेना, म्हणून तिने लुगड्याचा काठ फाडून बांधला. साहेबाच्या आधीचं कोणालाच ठाऊक नाही.

"तुमच्या घरी गाणारं कोनी हाय काय?"

मी तशीच उठले. स्कूटी कशी चालवली, देव जाणे! घरी गार्गी पियानोसमोर बसली होती. तोंड उघडत होती, आवाज नव्हता. मी काळी चार दाबली... आणि गार्गीचा सा आला. स्वच्छ, तिचाच. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

डॉक्टर म्हणतात, घशात काहीच दोष नाही. मी पुन्हा काठ बांधून पाहिला — उपयोग शून्य. विज्ञानाच्या बाईकडे याचं उत्तर नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर खरंच सांगा.

परवा हिंमत करून पियानो विकून टाकायचं ठरवलं. न्यायला माणसं दारात आली, तेव्हा गार्गीने वही माझ्यापुढे धरली. तीत लिहिलं होतं — 'आई, मला विकतेस?'