आबांच्या मनातला कारखाना

संयोगिताच्या प्रबंधाचं नाव एका दमात कुणालाच म्हणता येत नाही. ‘कोल्हापूर जिल्ह्यातील लघु व मध्यम ओतकाम उद्योगांतील व्यवस्थापकांचे धोरणविषयक आकलन आणि कामगिरी.’ तिचा नवरा विजयसिंह ते म्हणायला जातो, मधेच श्वास घेतो आणि पाहुण्यांना सांगून टाकतो, “थोडक्यात, फौंड्रीवाल्यांच्या डोक्यात काय चालतं ते.” खरं तर तेवढंच आहे. कारखाना चालवणारा माणूस डोक्यात काय काय धरून तो चालवतो, कशाला जपतो, कशाकडं काणाडोळा करतो आणि धंदा बरा चाललाय हे कशावरून ठरवतो, ते शोधायचं. संयोगिता शहरातल्या एका कॉलेजात व्यवस्थापन शिकवते. हा विषय आपण सुचवला म्हणून तिनं घेतला, असं तिच्या मार्गदर्शक सरांना वाटतं. वाटू द्यावं.

फौंड्रीवाल्याला ‘तुमचं धोरण काय’ असं सरळ विचारलं, की तो बिचारा खुर्चीत ताठ बसतो आणि गुणवत्ता, ग्राहकांचं समाधान असलं काहीतरी भिंतीवरच्या पाटीवरचं वाचून दाखवतो. म्हणून संयोगितानं पत्ते केले. पहिल्या काही मुलाखतींत जे शब्द मॅनेजर लोकांच्या तोंडी पुन्हा पुन्हा आले, ते तिनं एकेका जाड पत्त्यावर लिहिले. ऑर्डर, वाळू, कामगार, बँक, लाईट, रिजेक्शन, पुण्याची पार्टी, भाऊबंद, पोरगं. समोरच्यानं ते टेबलावर मांडायचे. महत्त्वाचं वाटेल ते मधे, बाकीचं कडेला, आणि कशामुळं काय होतं ते खडूनं जोडायचं. शेजारी काही कोरे पत्ते ठेवलेले असतात. एखादी गोष्ट राहिली असं वाटलं तर माणसानं ती आपल्या हातानं लिहावी. संशोधकानं मात्र पत्त्यांना हात लावायचा नाही आणि काही सुचवायचं तर मुळीच नाही.

या पत्त्यांनी तिला जिल्हाभर फिरवलं. एका मॅनेजरनं “पावणं, आधी च्या घ्या” म्हणत दोनदा चहा पाजला आणि मगच पत्त्यांकडं बघितलं. कोडोलीच्या एका गृहस्थांनी सगळे पत्ते एकावर एक रचून ढीग केला. “ह्यातलं येक हाललं की सगळं हालतंय मॅडम. येगळं कुठनं मांडू?” एकाला कामगिरी कशी मोजता म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, “जेवताना फोन आला न्हाय म्हंजे म्हयना बरा गेला.” हे तिनं वर्गात गमतीनं सांगितलं, आणि चार पोरांनी ते परीक्षेत व्याख्या म्हणून लिहिलं.

‘पोरगं’ हा पत्ता जवळजवळ सगळ्यांनी मधोमध ठेवला. ज्यांना मुलगा नव्हता त्यांनी पुतण्यासाठी तोच वापरला. संयोगितानं त्याची नोंद केली आणि पुढच्या कारखान्याकडं गेली.

आता खरं कारण. संयोगिताचे वडील बाळासो, घरात सगळे त्यांना आबा म्हणतात, यांची शिरोलीच्या बाजूला फौंड्री. घर उचगावात. शाळेच्या सुट्टीत संयोगिता आबांचा डबा घेऊन कारखान्यावर जायची आणि परतायचं नाव काढायची नाही. ओल्या वाळूची मूठ वळायची, मोडून बघायची आणि साचा धरंल का नाही ते मोठ्या माणसासारखं सांगायची. ओतकाम सुरू झालं की तोंड भाजेपर्यंत उभी राहायची. आबा कौतुकानं म्हणायचे, “हिला कळतंय की गा ह्यातलं!” कामगार हसायचे. त्या एका वाक्यावर पोरीनं मनात सगळा कारखाना मांडून ठेवला. कुठं नवी भट्टी, कुठं मशीन शॉप, केबिनची खिडकी कुठल्या बाजूला, सगळं.

त्या घरात वारस कागदावर ठरत नाही. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की भट्टीसमोर नारळ फोडायचा मान धन्याचा. ज्या वर्षी धनी तो नारळ दुसऱ्याच्या हातात देतो, त्या वर्षी कामगारांपासून भाऊबंदांपर्यंत सगळे काय ते समजतात. संयोगिता एमबीए होऊन आली, त्याच वर्षी आबांनी नारळ यशराजच्या हातात दिला. यशराज तिचा धाकटा भाऊ. तेव्हा कॉलेजात होता आणि त्याचं सगळं लक्ष मोटारसायकलीत. संयोगिता मागं आरतीचं ताट धरून उभी होती. तिनं ताट हलू दिलं नाही, हसून सगळ्यांना पेढे वाटले आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न करून नांदायला गेली.

यशराजनं कारखाना बुडवला असता तर तिला जरा बरं वाटलं असतं. हे ती स्वतःशी कबूल करते, आणि मग स्वतःचाच राग येतो. त्यानं तो नीट चालवला. अजूनही हायवेनं जाताना भट्टीच्या धुराचा वास आला की गाडीतले बाकीचे काच वर करतात आणि ही खाली करते. मुलं नाक मुरडतात. तिला त्या वासानं रडू येईल की काय असं होतं, आणि तरी काच खालीच राहते.

इतकी वर्षं ती एका गोष्टीवर तग धरून होती. त्या दसऱ्याआधी आबा कधीतरी एकटे बसले असतील. एका बाजूला यशराज, दुसऱ्या बाजूला ती, असं त्यांनी तोलून बघितलं असेल. आणि पोरीची जात, परक्याचं धन, लोक काय म्हणतील, असल्या कशानं तरी पारडं थोडकं तिकडं झुकलं असेल. थोडकंच. आपण अगदी थोडक्यात हरलो, असं ती धरून चालली होती. ते कशानं हरलो, एवढं तिला आबांच्या तोंडून ऐकायचं होतं. दुसऱ्यांच्या डोक्यातले कारखाने ती उगाच नाही हुडकत फिरली.

मुलाखती संपल्या, प्रकरणं लिहून झाली, तेव्हा एका रविवारी ती पत्त्यांची पिशवी घेऊन उचगावला गेली. माहेरच्या उंबऱ्याच्या आत आली की तिची कॉलेजातली भाषा चपलांबरोबर बाहेर राहते.

“आबा, सर म्हणत्यात येक मुलाखत कमी पडतीया,” ती धडधडीत खोटं बोलली. “तुमची घेतो.”

“माजी? मी आता कुठला मॅनेजर! यशराजला इचार की.”

“त्याला नगं. त्याच्या हातात नारळ दिलासा बघा, त्या वर्षी तुमच्या डोक्यात काय काय व्हतं, ते मांडा.”

आबा खुलले. किती दिवसांनी कुणीतरी त्यांना कारखान्याबद्दल विचारत होतं. चष्मा पुसला, बाह्या मागं सारल्या, जेवणाचं टेबल मोकळं करायला लावलं. कामगार आधी ठेवले, त्यांच्याजवळ वाळू, मग बँक लांब सारली आणि पुन्हा जवळ ओढली. एक कोरा पत्ता घेऊन त्यावर ‘उसाचा हंगाम’ असं लिहिलं, कारण हंगाम लागला की निम्मे कामगार गावाकडं पळायचे. बोलता बोलता ते वीस वर्षांनी लहान झाले. संयोगिता खडूच्या रेघा बघत होती. तिनं मनात मांडलेल्या कारखान्याशी त्या कितीतरी ठिकाणी जुळत होत्या. या माणसाबरोबर एका केबिनमध्ये बसायला आपल्याला किती आवडलं असतं, या विचारानं तिचा जीव तुटला.

शेवटी आबांनी ‘पोरगं’ उचललं आणि मधोमध ठेवलं.

यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो. तो तिनं सगळ्यांना विचारलेला होता. “ह्या जागी दुसरं कोण मनात व्हतं का?”

“दुसरं?” आबांनी विचार केला. “भावाचा सम्राट व्हता, थोडा. पर त्येचं चित्त कुठं थाऱ्यावर व्हतं?”

“आणि कोण?”

“आणि कोण असणार?”

एवढ्या मुलाखतींत जे कधी केलं नव्हतं, ते तिनं आज केलं. सुचवलं.

“मी?”

आबांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. ते चिडले नाहीत, गडबडलेही नाहीत. त्यांना आठवून बघायचं होतं, आणि त्यांनी खरोखर आठवून बघितलं.

“खोटं कशाला सांगू पोरी,” ते म्हणाले. “तू मनातच आली न्हाईस. नगं म्हटलं असतं तर ध्यानात ऱ्हायलं असतं की माज्या.”

कोल्हापूरच्या माणसाला हरण्याची लाज नसते. मैदानात उतरलेला कुणीतरी हरणारच. संयोगिता इतकी वर्षं पाठीची माती झाडत होती, आणि आज कळलं की तिची कुस्ती कधी लागलीच नव्हती. तिला सम्राटचा हेवा वाटला. त्याला निदान नको तरी म्हटलं होतं.

आबांना काहीतरी बिनसलं एवढं कळलं. “हुशार व्हतीस म्हणून शिकीवलं तुला. तुजं चांगलं व्हावं येवढंच व्हतं बघ,” ते म्हणाले, आणि मग खाली वाकून पत्त्यांवरून बोट फिरवायला लागले. तिला कुठं ठेवता आलं असतं ते ते हुडकत होते. एकदा सगळीकडून बोट फिरलं, दुसऱ्यांदा फिरलं. “पर तसा पत्ता कुठं हाय ह्यात?” त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं. “तूच केल्यास न्हवं हे?”

तिनंच केले होते. लोकांच्या तोंडून जे आलं तेच लिहायचं, असा नियम होता. इतके कारखाने फिरली, इतक्या वेळा ‘पोरगं’ मधोमध ठेवलेलं बघितलं, आणि तसा पत्ता तिच्याही मनात आला नव्हता.

दोघांच्या मधे एक कोरा पत्ता उरला होता, पेनही तिथंच होतं. संयोगितानं हात मांडीखाली दाबून धरले. आपण लिहायचं नाही. आता त्यांनी लिहावं. वीस वर्षं झाली, कारखाना यशराजकडं गेला, खुर्ची गेली, आता त्याचा काही उपयोगही नाही, पण त्यांनी एकदा तो पत्ता उचलावा, असं तिला लहान पोरीसारखं वाटत होतं.

आबांनी तो उचलला. पुढून बघितला, उलटा करून मागून बघितला.

“ताटं केल्यात, उठा आता,” स्वयंपाकघरातून आईनं हाक मारली.

आबांनी टेबलावरचे सगळे पत्ते गोळा केले, तो कोराही त्यात घातला, कडा टेबलावर ठोकून एकसारख्या केल्या आणि गठ्ठा तिच्या हातात दिला.

“मोजून घे,” ते म्हणाले. “येखादा हितंच ऱ्हायचा.”

“सगळे हायत, आबा,” संयोगिता म्हणाली.