सीरममधली गुठळी

लग्नाआधी चेहऱ्याला लावायला लेक घरीच सीरम करत होती. "आई, ही हायलुरॉनिकची पावडर पाण्यावर नुसती भुरभुरव, ढवळू नकोस. सावकाश आपोआप विरघळते," असं सांगून ती आंघोळीला गेली. मला कुठला धीर! मी चमचा फिरवला आणि गुठळी झाली. नखाने फोडली, तर वरून बुळबुळीत ओली, आत कोरडीच भुकटी.

मी लग्न होऊन माप ओलांडलं त्याच संध्याकाळी माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "दुधात साखरेसारखी विरघळून जा." आठवड्यात माझं नाव बदललं, महिन्यात नोकरी सोडायला लावली. लोक अजून म्हणतात, किती छान मिसळलीस! नखाने फोडून कुणी पाहिलं नाही.

काल लेकीच्या होणाऱ्या सासूबाई फोनवर तेच साखरेचं वाक्य बोलल्या. मी हसून म्हणाले, "हो, विरघळेल की, सावकाश. फक्त तुम्ही ढवळू नका."